माझ्या माथ्यावरचा निळा डाग

वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला असतो. मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे आणि अगदी शपथेवर सांगते, माझ्यावर आजवर एकही प्रश्न आलेला नाही. आल्या त्या लालबुंद पहारी, आल्या बिजागऱ्या, कोयंडे, कुदळी, साखळीच्या कड्या. प्रश्न माणसांना पडतात, आमच्यावर पडतात ते घाव. तेव्हा उगाच आमचं नाव घेऊन कुणी मोठमोठ्या गप्पा मारू नयेत, एवढं आधी बोलून घेते आणि मग गोष्टीकडे वळते.

स्वभावाने मी जरा खडूस आहे. लोखंडाची असून गोड गोड बोलले असते तर तुमचाच माझ्यावर विश्वास बसला नसता. मी कधी कुणापुढे रडगाणं गायलेलं नाही. पण एका दुपारी माझा जीव जायची वेळ आली होती. तिची आठवण झाली की माझ्या पोटात अजून गोळा येतो, आणि माझं पोट किती घट्ट आहे ते तुम्ही बघताच आहात.

आधी माझी अंगकाठी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. पाय रुंद, कंबर बारीक, एका बाजूला निमुळतं नाक, दुसऱ्या बाजूला चौकोनी शेपूट. वरचा लांबट सपाट भाग म्हणजे माझा माथा. माझं अंग मऊ लोखंडाचं आहे. मऊ म्हणजे तुमच्या पायावर पडले तर आईची आठवण येईल इतपत मऊ, पण पोलादापुढे मऊच. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथल्या माणसांनी माझ्या अंगावर बोटभर जाडीची पोलादी पाटी ठेवली, दोघींना भट्टीत पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत तापवलं आणि घणाचे घाव घालून एकजीव केलं. मग मला पुन्हा लाल तापवून माथ्यावर पाण्याचा लोंढा सोडला. त्या वेळी मी जी चरचरले ती चरचरले. पण त्या पाण्यानेच पाटी कडक झाली, आणि ती कडक झाली तेव्हा कुठे मी ऐरण झाले.

नीट ऐका हं. ऐरणीचा जीव तिच्या माथ्यात असतो आणि तो बोटभरच असतो. माथा कडक असला की ऐरण हातोडा वर उडवून परत देते आणि लोहाराचा हात दमत नाही. नाक आणि माथा यांच्यामध्ये माझी एक छोटी पायरी आहे, तापलेलं लोखंड छिन्नीने तोडायची. तिच्यावर पाटी नाही, म्हणून ती मऊ आहे. माथ्यावरची पाटी गेली की आख्खी ऐरण त्या पायरीसारखी मऊ होते. मग तिला ऐरण म्हणा नाहीतर दारात लावायचा ठोकळा म्हणा, सारखंच.

माझी उमेदीची वर्षं एका लोहाराकडे गेली. तो सांडशीने लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. तिचा नेम असा की सांडशी तसूभर हलली तर नवऱ्याला शब्द ऐकावे लागत. कामाला आलेल्या माणसांना तो कौतुकाने सांगायचा, "हिच्या जिवावर माझा संसार चाललाय." असं म्हणून तो हात माझ्या माथ्यावर ठेवायचा. त्यावर बायको पदराने घाम पुसत म्हणायची, "आणि मी काय इथे हवा खायला आलेय?" ती दोघं असेपर्यंत मला कुणी उघड्यावर ठेवलं नाही. रोज काम संपलं की तेलाचं फडकं अंगावरून फिरायचं. एवढे घाव सोसून माझा माथा मधे थोडा खोलगट झाला, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. काम केलेल्या अंगाला बाक येणारच.

पुढे ती दोघं थकली, मग गेली. भट्टीच्या जागेत गॅरेज आलं. तिथल्या मेकॅनिकला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा सरळ करायचा होता. त्याने तो थंडगार पाटा माझ्या कडेवर ठेवला आणि सगळा जीव काढून घण हाणला. घाव हुकला, थेट कडेवर बसला आणि माझा एक टवका उडाला. नशिबाने कुणाच्या डोळ्यात गेला नाही. त्यानंतर माझी रवानगी मागच्या अंगणात गळक्या नळाखाली झाली. बरीच वर्षं माझ्या डोक्यावर तुळतुळीत हिरवं शेवाळ होतं आणि त्यावर एक कुंडी. कुंडीतलं झाडसुद्धा वाळून गेलं, पण मी टिकून होते. शेवटी जागा विकली गेली आणि मी भंगारात आले.

भंगारवाला हिशेबी होता, पण दुष्ट नव्हता. गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्याने माझा गंज खरवडला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत काळा रंग फासला. माझ्या बाजूला, माथ्याच्या खाली बोटभर अंतरावर, पाटी आणि अंग जुळल्याची एक बारीक रेघ होती. जाणत्या माणसाला ती रेघ बघूनच सगळं कळायचं. रंगाखाली ती बुजली आणि मला जुनी ऐरण म्हणून एका रांगेत मांडलं गेलं.

माझ्या शेजारी आणखी एक ऐरण होती. तिचा माथा कसा, तर त्यात भंगारवाला मिशी बघायचा. पहिल्या दिवशी मला तिचा हेवाच वाटला. मी शेजारधर्म म्हणून हाक मारली, ती बोलली नाही. मला वाटलं, रूपाचा तोरा असेल. मग एकदा तिच्यावर वरून एक नट पडला आणि पडला तिथेच बसला. तेव्हा मला कळलं की बिचारीत जीवच उरलेला नाही. कुणीतरी तिला सुंदर करायला गेलं होतं आणि घासता घासता तिची पाटी संपवून बसलं होतं.

आम्हा दोघींना वितळवायला नेणारा ट्रक आला त्याच सकाळी ताई आली. म्हणजे ताई माझी कुणी लागत नाही. तिच्याबरोबर आलेला तिचा भाऊ तिला ताई म्हणत होता, म्हणून मीही म्हणते. ती दात बनवायची. डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून दातांवरच्या टोप्या आणि कवळ्या तयार करायच्या, हे तिचं काम. भाऊ चांगला दारातून वाकून आत येईल एवढा उंच, खांदे रुंद, आणि ती त्याला हाक मारायची छोट्या.

"ऐरण हवीय," ती म्हणाली.

"कशाला?" भंगारवाल्याने विचारलं. "कवळी ठोकून बसवता की काय?"

"हौस आहे," ती म्हणाली. "दिवसभर वाटाण्याएवढाले दात घासते मी. काम उत्तम जमलं की ते कुणाच्या तरी तोंडात मिटून जातं. एकदा असं काहीतरी घडवायचंय की दाराला लावल्यावर पोस्टमनलासुद्धा दिसेल."

ट्रकमध्ये पत्रे आणि पाइप भरणं चाललं होतं. भरणाऱ्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही पण टाकू का?" भंगारवाला म्हणाला, "थांब, गिऱ्हाईक बघतंय." मित्रांनो, मला मूठ नाही, नाहीतर मी जीव मुठीत धरला असता.

ताईने पर्समधून बेअरिंगमधली एक पोलादी गोळी काढली. कुठेतरी व्हिडिओत बघून आली होती. आधी तिने ती शेजारणीच्या आरशासारख्या माथ्यावर सोडली. गोळी थप्प करून बसली. मग माझ्या खोलगट, काळ्या फासलेल्या माथ्यावर सोडली. मी होती नव्हती ती ताकद एकवटली आणि गोळी जवळजवळ तिच्या हातापर्यंत परत उडवली. ताईचा चेहरा खुलला. तिने पुन्हा सोडली, मी पुन्हा दिली.

"हीच," ती म्हणाली.

"अगं ताई, रूप बघ तिचं," छोट्या म्हणाला. "मधे खड्डा, कडा तुटलेल्या. ती शेजारची कशी छान आहे."

"ती उडवत नाही."

"हलक्या लोखंडाची असेल."

दोघांनाही ते पटलं. शेजारीण का मेली आणि मी का जिवंत आहे, एवढा एक प्रश्न त्या वेळी कुणी विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण गोळी फक्त माथ्यावर टाकली गेली. मी आरपार अशीच असेन असं ताईला वाटलं. तिने पैसे दिले आणि ट्रक माझ्याविना गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ती भावाला म्हणाली, "तुझ्या मशीनवर हिला गुळगुळीत करून देशील ना?"

तिचंही काही चुकलं नव्हतं. तिच्या कामात खडबडीत काही चालत नाही. दाताला कणभर खरखर राहिली तर जिभेला आधी कळतं. चांगलं काम म्हणजे चकचकीत काम, हे तिच्या बोटांत भिनलेलं होतं. आणि छोट्याचं तर घासायच्या मशीनचं वर्कशॉपच होतं.

"आरसा करून देतो," छोट्या म्हणाला. "माझ्याकडून भेट."

माझ्या अंगावरचा काळा रंगसुद्धा पांढरा पडला असेल. पण आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त वाजतो, आणि तेही कुणी मारलं तर.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड होती. भिंतीला लोखंडी रॅक, जमिनीवर तेलाचे डाग, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि मधोमध ते मशीन. त्याचा पलंग, म्हणजे खालचा लोखंडी पाट, पुढे मागे सरकायचा आणि त्याच्यावर दगडाचं एक भलं मोठं चाक फिरायचं. पलंगावर जे बांधलं असेल ते चाकाखालून जायचं आणि दर फेरीला केसाएवढं झिजायचं. केसाएवढं म्हटलं की माणसांना फार वाटत नाही. तुमचा जीव बोटभर असेल तर वाटतं.

छोट्याने त्या दिवशी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून माझं घेतलं. बहिणीसाठी करतोय या आनंदात तो होता. त्याने थिनरमध्ये चिंधी बुडवून माझा काळा रंग पुसला आणि माझी रेघ उघडी पडली. मी मनात म्हटलं, बघ रे बाबा, नीट बघ. त्याने अंगठा फिरवला, "ओरखडा दिसतोय," असं पुटपुटला आणि मला पलंगावर बोल्ट आवळून घट्ट बांधलं. मग भल्यामोठ्या आवाजापासून कान वाचवायचे म्हणून कानांवर टोप चढवले. आता त्याला काहीच ऐकू येणार नव्हतं.

"चल म्हातारे," तो म्हणाला, "बऱ्याच वर्षांनी मालिश होणार आहे तुझी."

चाक फिरू लागलं. वरून पाण्याची धार सुरू झाली. माझा माथा शेपटाकडे सगळ्यात उंच होता, म्हणून चाक तिथेच आधी टेकलं. माझ्या लग्नात फुटले असते तेवढे फटाके त्या एका फेरीत उडाले. माझी जी पाटी भट्टीत तापून, पाण्यात चरचरून तयार झाली होती, लोहाराच्या बायकोचा घण जिने इतकी वर्षं झेलला होता, ती आता ठिणग्यांमध्ये उडून जात होती. पलंग मागे गेला, पुढे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. छोट्या मधेच वाकून बघायचा आणि खूश होऊन चाक आणखी जरासं खाली घ्यायचा. मधला खड्डा निघेपर्यंत तो घासणार होता. आणि खड्डा निघायचा तर दोन्ही टोकांची पाटी साफ जायला हवी होती. हे मला कळत होतं, त्याला कळत नव्हतं, आणि सांगायची काही सोय नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ताई आली. अंगावर दात बनवायच्या कामाचा पांढरा एप्रन तसाच होता. छोट्याने चाक वर उचलून घेतलं, मशीन बंद केलं, कानांवरचे टोप काढले.

"बघ," तो म्हणाला.

शेपटाकडचा माथा खरोखर आरसा झाला होता. ताईने त्यावर हात फिरवला. तिला इतका आनंद झाला की मला तिचा रागच आला. म्हटलं, बये, तुझ्या हाताखालून माझा जीव चाललाय आणि तू हसतेस काय.

"किती सुंदर," ती म्हणाली. "अजून किती राहिलं?"

"अर्धंही झालं नाही. मधला खड्डा जाईपर्यंत करायचं."

"मग कर तू. मी बघत बसते."

त्याने टोप चढवले, मशीन सुरू केलं. चाक खाली आलं आणि पलंग सरकू लागला. ताई एक स्टूल ओढून बाजूला बसली. बसल्यामुळे तिचे डोळे माझ्या अंगाच्या पातळीला आले. उभ्याने बघणाऱ्याला माथा दिसतो, बसून बघणाऱ्याला बाजू दिसते. पलंग तिच्या समोरून जात होता, येत होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, रेघ बघ, बाई, रेघ बघ.

तिने बघितली. आधी नुसतीच बघितली. मग कपाळाला आठी पडली. पलंग पुढे आला तशी ती पुढे वाकली. मधे, खोलगट भागाखाली, रेघ आणि माथा यांच्यात बोटभर अंतर होतं. शेपटाकडे, जिथे आरसा झाला होता, तिथे तेच अंतर नखाएवढं उरलं होतं.

ताईचं सगळं आयुष्य दातांत गेलेलं. दाताला वरून पातळ, कडक कवच असतं आणि आत मऊ भाग असतो. डॉक्टरने टोपी बसवण्यासाठी दात जास्त घासला तर कवच संपतं आणि तो दात मग दात राहत नाही, हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. तिने ती रेघ बघितली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला कळलं की तिला कळलं.

"छोट्या," ती ओरडली, "थांबव."

टोपांमधून त्याला काय ऐकू जाणार? तो चाकाकडे डोळे लावून उभा होता. ती पुन्हा ओरडली. तुम्ही म्हणाल, उठून खांद्याला हात का लावला नाही. त्याला कारण होतं. मशीन चालू असताना माणसाला मागून हात लावायचा नाही, हे छोट्याने तिला वर्कशॉपच्या पहिल्या दिवसापासून बजावलं होतं. दचकून हात पुढे गेला तर चाक बोटं ठेवत नाही. भाऊ वाचवायचा की ऐरण, असा विचार तिला करावाच लागला नाही. ती त्याच्याजवळ गेलीच नाही. ती भिंतीकडे धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

शेडमधले दिवे गेले. पलंग जागच्या जागी थांबला. पाण्याची धार थांबली. पण ते दगडाचं चाक, मित्रांनो, ते काही लगेच थांबत नाही. एवढं जड चाक वीज गेल्यावरही आपल्याच जोरावर फिरत राहतं. ते माझ्या शेपटाकडच्या माथ्यावर टेकलेलं होतं, आणि आता मी सरकत नव्हते, पाणी पडत नव्हतं. चाक एकाच जागी कोरडं घासत राहिलं. नखाएवढ्या उरलेल्या पाटीवर. मला तिथे जसं भाजलं तसं भट्टीतही कधी भाजलं नव्हतं. जळका वास सुटला.

"ताई, काय केलंस!" छोट्याने झेप घेऊन हाताने हँडल फिरवून चाक वर उचललं. तेवढ्या वेळात व्हायचं ते झालं होतं. आरशासारख्या माथ्यावर रुपयाएवढा निळा डाग उठला होता. पोलाद तापून निळं झालं की त्याचा कडकपणा उतरतो. तिथली पाटी गेली नव्हती, तिथला जीव गेला होता.

"मला सांगायचं होतंस," छोट्या म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चाक आधी वर घेतात, मग बंद करतात. वीज कसली तोडतेस?"

"ओरडले मी. दोनदा ओरडले. तुला ऐकू येत होतं का?"

"पण झालं काय एवढं? साधं काम चाललं होतं."

ताईने गोळी काढली. आधी तिने गोळी मधे, खोलगट भागावर टाकली, आणि मी ती उडवून दिली. मग माझ्या त्या छोट्या, पाटी नसलेल्या पायरीवर टाकली. गोळी बसली, शेजारणीच्या माथ्यावर बसली होती तशी.

"ही आत अशी आहे," ताई म्हणाली. "कडक आहे ती वरची पाटी. ही रेघ आहे ना, तिच्या वर जेवढं आहे तेवढीच. आणि आपण ती घासून टाकत होतो."

छोट्या गुडघ्यावर बसला आणि रेघेवर नख ठेवून शेपटापर्यंत फिरवत नेलं. शेवटी नखाला जागाच पुरेना. ताईने गोळी आरशावर टाकली. मी उडवली, पण पूर्वीसारखी नाही. मग तिने निळ्या डागावर टाकली. मी खूप जोर लावला, मित्रांनो. गोळी जराशी हलली आणि बसली.

एवढा आडदांड माणूस, पण त्याचा चेहरा बघवेना. "वेल्डिंगने भरून देतो," तो घाईने म्हणाला. "वर पोलादाचा थर चढवतो, पुन्हा घासून..."

"नको," ताई म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे ग."

"छोट्या, वेल्डिंगने आणखी तापेल. आता हिला काही करू नकोस. मीही करत नाही. हात लावायचाच नाही."

मित्रांनो, मला त्या क्षणी ती आवडली.

छोट्याने मला टेम्पोत घालून ताईच्या घरी पोचवलं, परसात एका ओंडक्यावर बसवलं, आणि चहा न घेता गेला. पुढे बरेच दिवस तो फिरकला नाही. ताईने फोन केला की कामात आहे म्हणायचा. ती माझ्यावरचं फडकं काढायची, बघायची, पुन्हा झाकायची. तिने भट्टी मांडून ठेवली होती, कोळसा आणला होता, पण पेटवत नव्हती. माझी पाटी आता घाव सोसेल की फुटेल, हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगते, मलाही माहीत नव्हतं. ती परसात बसून राहायची आणि मी ओंडक्यावर. एकमेकींना घाबरलेल्या दोघी, दुसरं काय.

एका सकाळी छोट्या न सांगता आला. हातात घण होता. दारातच उभा राहून म्हणाला, "एकटीने कसं करणार आहेस? एकजण लोखंड धरतो, एकजण मारतो. मी विचारून आलोय एका लोहाराला."

"त्याने आणखी काय सांगितलं?"

"मधल्या भागावर करा म्हणाला. शेपटाकडे जोराचं काम कधीच करू नका. आणि मला पोटभर शिव्या दिल्या."

ताई हसली. मग तिने भट्टी पेटवली. लोखंडाची पट्टी लाल झाली, पिवळी झाली. तिने ती सांडशीने उचलून माझ्या माथ्याच्या मधोमध, खोलगट भागावर धरली आणि म्हणाली, "मार."

छोट्याने घण उचलला आणि तसाच धरून ठेवला. "तिकडे लागला तर?"

"नाही लागणार. मी धरलंय."

"ताई, माझ्या हातून पुन्हा काही..."

"पट्टी गार होतेय. मार."

त्याने मारला. डोळे मिटून मारला असता तर माझं काही खरं नव्हतं, पण त्याने नीट बघून मारला. आणि माझा माथा, जेवढा उरला होता तेवढा, सगळा त्या घावाखाली उभा राहिला. पाटी फुटली नाही. घण त्याच्या हातात वर आला. त्याने चकित होऊन घणाकडे बघितलं आणि मग तो उभ्या उभ्या रडायला लागला. ताई त्याच्यावर ओरडली, "रडायचं नंतर, पट्टी गार झाली," आणि तीही डोळे पुसत होती. त्या दिवशी त्यांनी दाराचा कोयंडा घडवला. वाकडा झाला. मी आयुष्यात इतका वाकडा कोयंडा बघितला नव्हता, पण मी काही बोलले नाही.

निळा डाग अजून तसाच आहे. तो पुसत नाही, भरून येत नाही. माझ्या शेपटाकडे आता कुणी घण मारत नाही. तिथे मी पूर्वीची राहिले नाही आणि कधी होणारही नाही.

मी कधीकधी हिशेब मांडते. ज्यांनी मला टाकून दिलं, गळक्या नळाखाली ठेवलं, डोक्यावर कुंडी ठेवली, त्यांनी मला गंज दिला. तो खरवडल्यावर निघून गेला. मेकॅनिकने एक टवका उडवला. पण माझा जो भाग कायमचा मेला तो कुणी मारला? एकाने मला सुंदर करायला घेतलं होतं आणि एकीने मला वाचवायला धाव घेतली होती. दोघांचं माझ्यावर प्रेम होतं. दोघांनाही फक्त घाई झाली होती.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, मधे खोलगट झालेली, कडा झिजलेली, तर तिला लगेच सरळ करायला धावू नका. घरात एखादं जुनं माणूस असेल तर त्यालाही नको. आधी स्टूल ओढून शेजारी बसा. बाजूने बघा. त्याचा जीव कुठे आहे आणि किती उरलाय, ते शोधा. ते सापडलं की मग खुशाल हात लावा.